ठाणे परिसरातील आदिवासी हस्तकला

सह्याद्रीचा पश्चिम उतार व अरबी समुद्र यांमधील ठाणे-पालघर प्रदेशात राहणाऱ्या आदिवासी जमातींनी दैनंदिन उपयोगासाठी, धर्मविधींसाठी व उत्सवांसाठी स्थानिक कच्च्या मालापासून हातांनी तयार केलेल्या वस्तू व त्यांमागील परंपरागत कौशल्ये. बांबूकाम, पाने व तंतू यांच्या वस्तू, कुडाच्या भिंती व त्यांवरील चित्रे, लाकडी व कागदी मुखवटे आणि भोपळ्याची वाद्ये या तिचे प्रमुख प्रकार होत.

प्रदेश व जमाती : पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचे १ ऑगस्ट २०१४ रोजी विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, डहाणू, तलासरी, पालघर व वसई हे तालुके त्यात गेले. ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, उल्हासनगर व अंबरनाथ हे ठाणे जिल्ह्यात राहिले. हस्तकलांच्या दृष्टीने मात्र हा एकच सलग प्रदेश मानावा लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार अविभाजित जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. १४ टक्के होते. डहाणू, तलासरी व विक्रमगड या भागांत वारली. जव्हार-मोखाड्याकडे कोकणा, महादेव कोळी व ठाकूर. पालघर-वसईकडे मल्हार कोळी. तर शहापूर, मुरबाड, कल्याण व अंबरनाथच्या डोंगरपट्ट्यांत ‘क’ व ‘म’ ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी यांची वस्ती प्रामुख्याने आढळते. ठाणे शहराच्या हद्दीतील येऊरच्या डोंगरातही आदिवासी पाडे आहेत. कातकरी ही केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून मान्य केलेल्या, महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी एक असून कोलाम व माडिया गोंड या इतर दोन होत.

सर्वसाधारण स्वरूप : येथील हस्तकलांचे पहिले लक्षण म्हणजे त्यांची वनस्पतींवरील जवळजवळ संपूर्ण भिस्त. बस्तरमधील धातूची ओतीव मूर्तिकला किंवा ईशान्य भारतातील जमातींचे कमरेला ताणून बांधलेल्या मागावरील विणकाम यांसारख्या कला येथे विकसित झाल्या नाहीत. लुगडे, लंगोटी, मडकी, कोयता व काचमणी या वस्तू कोष्टी, कुंभार, लोहार व व्यापारी यांच्याकडून धान्याच्या किंवा वनोपजाच्या मोबदल्यात येत. ठाणे, कल्याण, सोपारा ही प्राचीन काळापासूनची बंदरे व बाजारपेठा जवळ असल्याने हा विनिमय सुलभ होता. त्यामुळे जे बाजारातून आणणे शक्य नव्हते किंवा जे जंगलात विनामूल्य मिळत होते, त्याच वस्तूंभोवती आदिवासींचे हस्तकौशल्य केंद्रित झाले. दुसरे लक्षण म्हणजे या कलांत व्यावसायिक विशेषीकरणाचा अभाव. बुरूड जातीप्रमाणे टोपल्या विणणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, असा वर्ग या जमातींत बहुधा आढळत नाही. शेजारच्या दक्षिण गुजरातेत कोटवाळिया ही केवळ बांबूकामावर जगणारी जमात आहे. ठाणे परिसरात मात्र भातशेती करणारा प्रत्येक कुटुंबप्रमुख आपल्या घरापुरते विणकाम जाणतो, असेच पूर्वापार चालत आले. तिसरे लक्षण ऋतुमानाचे होय. पावसाळ्यात शेतीची कामे, भात झोडणी झाल्यावर नृत्य व वाद्ये, माघ ते वैशाख या काळात लग्ने व उत्सव आणि पावसापूर्वी इरली, कणग्या व भिंती यांची डागडुजी, असा या कामांचा क्रम असतो.

बांबूकाम : कळक हा जाड, काटेरी बांबू घरबांधणीसाठी, तर त्याहून बारीक व लवचिक जाती विणकामासाठी निवडतात. एका वर्षाचा कोवळा बांबू सुकल्यावर आकसतो व जून बांबूच्या कामट्या वाकविताना मोडतात. म्हणून दोन ते तीन वर्षांचा बांबू पसंत केला जातो. पावसाळ्यात बांबू तोडत नाहीत. या काळात बेटातून नवे कोंब फुटत असतात आणि त्या वेळी तोड केल्यास बेट खुरटते. शिवाय खोडात पिठूळ द्रव्याचे प्रमाण अधिक असताना तोडलेल्या बांबूला भुंगेरे लवकर लागतात. कृष्ण पक्षातच बांबू तोडावा, असाही संकेत पाळला जातो.

विणकामाची साधने अगदी मोजकी असतात. कोयत्याने बांबू उभा चिरून त्याच्या कामट्या काढतात. कामटीचा बाहेरील हिरवा, कठीण भाग व आतील पांढरा, मऊ भाग सुरीने वेगळे करतात. बाहेरील भागाच्या पट्ट्या टिकाऊ असल्याने त्या तळासाठी व काठासाठी, तर आतील पट्ट्या भरावासाठी वापरतात. माप घेण्यास वीत व बोटे पुरतात. विणीचा प्रकार वस्तूच्या उपयोगावरून ठरतो : धान्य पाखडण्याच्या सुपाची वीण घट्ट व गुळगुळीत असते, कारण कण अडकता कामा नये; तांदूळ धुण्याच्या रोवळीची वीण पाणी निथळेल पण दाणा निसटणार नाही इतकी बारीक असते; कोंबड्या झाकण्याचे डालगे हवा खेळावी म्हणून विरळ षट्‌कोनी जाळीचे असते. धान्य साठविण्याची कणगी पुरुषभर उंचीचीही असते. ती आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून घेतात. त्यामुळे फटी बुजतात व दमटपणा आत शिरत नाही. मासे पकडण्यासाठी शंकूच्या आकाराचे बांबूचे सापळे करतात. त्यांच्या तोंडाशी आतल्या बाजूस टोके वळविलेल्या कामट्या असतात. प्रवाहाबरोबर आत शिरलेल्या माशास त्या टोकांमुळे परत फिरता येत नाही. पहिल्या पावसात अंडी घालण्यासाठी ओहोळांतून व भातखाचरांतून वर चढणारे मासे अशा सापळ्यांनी पकडले जातात.

भातलावणीच्या वेळी डोक्यावरून पाठीवर घेण्याचे इरले हा बांबूकाम व पर्णकाम यांचा सुंदर मिलाफ होय. बांबूच्या दुहेरी जाळीत पळसाची किंवा सागाची पाने कौलांप्रमाणे एकावर एक रचून दाबतात. इरले घेतलेल्या स्त्रीचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि वाकून काम करतानाही पाठ भिजत नाही. प्लॅस्टिकचा कागद स्वस्त झाल्यापासून इरल्याचा वापर झपाट्याने घटला. त्याबरोबर पाने रचण्याची ही पद्धत जाणणारे हातही कमी झाले.

पाने, तंतू व इतर साहित्य : पळसाच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण, शिंदीच्या पात्यांचे झाडू व चटया, अंबाडीचे दोर व शिंकी या वस्तू बहुतेक सर्व जमातींत तयार होतात. मुरबाड, शहापूर व कर्जतच्या बाजूच्या ठाकूर स्त्रिया रंगीत काचमण्यांच्या अनेक पदरी माळा घालतात. मणी बाजारचे असले, तरी ते ओवण्याची रीत त्यांची स्वतःची असते. भाताच्या लोंब्या गुंफून केलेली तोरणे नव्या पिकाच्या वेळी दारावर लावतात. कणसरी या धान्यदेवतेशी अशा वस्तूंचा संबंध असून त्या केवळ शोभेच्या मानल्या जात नाहीत.

कातकरी जमातीचे नावच एका हस्तोद्योगावरून पडले आहे. खैराच्या झाडाच्या गाभ्याचे तुकडे मडक्यांत उकळून, तो अर्क आटवून व थंड करून त्याच्या वड्या पाडणे, हा कात तयार करण्याचा उद्योग ते करीत. १८७८ च्या वन अधिनियमान्वये राखीव वने आखली गेली आणि खैर तोडण्यावर निर्बंध आले. परिणामी हा उद्योग त्यांच्या हातून गेला. त्यानंतर कोळसा पाडणे, लाकूडतोड व पुढे भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर हंगामी मजुरी हे त्यांच्या उपजीविकेचे मार्ग झाले. भट्टीमालकाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडतात. बांबूकाम व भिंतींची निगा यांचा हंगामही हाच असल्याने स्थलांतराचा परिणाम कौशल्याच्या परंपरेवर थेट होतो.

कुडाच्या भिंती व चित्रे : वारल्यांच्या घराची भिंत कारवीच्या काठ्यांची असते. कारवीला साधारणतः सात-आठ वर्षांनी एकदा एकाच वेळी फुलोरा येतो व त्यानंतर ती वाळते. काठ्या उभ्या रोवून, बांबूच्या आडव्या पट्ट्यांनी बांधून त्यांवर शेणमातीचा गिलावा देतात. या भिंतीवर गेरूचा किंवा लाल मातीचा हात फिरवून तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चित्रे काढतात. बांबूच्या काडीचे टोक चावून किंवा ठेचून त्याचा कुंचला करतात. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन या आकृत्यांतून सर्व रचना साधली जाते. टोकांशी जोडलेल्या दोन त्रिकोणांचे मानवी धड हे या शैलीचे सर्वपरिचित चिन्ह होय. हे दोन त्रिकोण केवळ एका बिंदूत मिळत असल्यामुळे आकृतीला तोल व गती प्राप्त होते.

पारंपरिक चित्रांत लग्नाचा चौक सर्वांत महत्त्वाचा. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. सवाशिणी तो घराच्या आतील भिंतीवर लिहितात. चौकोनाच्या मध्यभागी पालघट या सुफलनाच्या देवतेची आकृती असते आणि भोवतीच्या पट्ट्यांत साखळ्या, काटकोनी नागमोडी रेषा व ठिपके यांची नक्षी असते. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावरील पंचशिऱ्या देव असतो. चौकाबाहेर सूर्य, चंद्र, शिडी, कंगवा, झाडे, जनावरे व नाचणारी माणसे दाखवितात. लग्नविधीची गाणी म्हणणारी धवळेरी ही स्त्रीच असते. अशा रीतीने चित्र लिहिणे व लग्न लावणे या दोन्हींचा अधिकार स्त्रियांकडे होता. विधी संपला, की चित्राचे कार्यही संपते. पुढच्या लिंपणात ते मिटून जाते. ठाकरांतही लग्नप्रसंगी तांदळाच्या पिठाने चौक काढण्याची चाल आहे; तथापि तिला वारली चित्रांइतकी प्रसिद्धी लाभली नाही.

के. जे. सावे यांनी १९४५ मध्ये वारली जमातीवर, तर ल. ना. चापेकर यांनी १९६० मध्ये सह्याद्रीतील ठाकरांवर विवेचक ग्रंथ प्रसिद्ध केले. चित्रांकडे कलाजगताचे लक्ष मात्र १९७० नंतरच्या दशकात वेधले गेले. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू भागातील पाड्यांवर राहून, चित्रे कागदावर उतरविण्यास उत्तेजन दिले. यापूर्वी बिहारमधील मधुबनी येथेही त्यांनी असेच कार्य केले होते. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनी या कलेस विधीच्या चौकटीबाहेर नेले. मासेमारीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, भातशेती, तारप्याचा नाच असे विषय त्यांनी अत्यंत बारीक रेषांनी रंगविले. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार व २०११ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली; २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. या परिवर्तनाचा एक परिणाम असा, की जी कला स्त्रियांची होती, तिच्या बाजारातील रूपावर प्रारंभी पुरुषांचेच वर्चस्व राहिले. पुढे स्त्रियाही कागद व कापड यांवर चित्रे काढू लागल्या.

लाकूडकाम व मुखवटे : वाघदेवाची लाकडी वा दगडी प्रतिमा गावाच्या शिवेवर उभी करतात. तिच्यावर वाघासह सूर्य-चंद्र कोरलेले असून तिला शेंदूर लावतात. वाघबारशीस तिची पूजा होते. जव्हार-मोखाडा भागात होळीनंतर, उन्हाळ्यात साजऱ्या होणाऱ्या बोहाडा अथवा भोवाडा या उत्सवासाठी मुखवटे तयार केले जातात. ते हलक्या लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. लगद्याचा मुखवटा मातीच्या साच्यावर थर देऊन वाळवितात व नंतर रंगवितात. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, त्राटिका, भैरोबा इ. सोंगे रात्रभर संबळ-सनईच्या तालावर नाचविली जातात. पुष्कळ गावी विशिष्ट सोंग विशिष्ट घराण्याकडे चालत आलेले असते. त्यामुळे मुखवटा जपणे हे त्या घराण्याचे कर्तव्य ठरते.

वाद्यनिर्मिती : तारपा हे या प्रदेशाचे वैशिष्ट्यपूर्ण फुंकवाद्य होय. वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा हा त्याचा हवेचा कोठा असतो. त्याच्या एका टोकाशी फुंकण्याची नळी आणि दुसऱ्या टोकाशी बोटांनी झाकावयाची छिद्रे असलेल्या बांबूच्या दोन नळ्या बसवितात. प्रत्येक नळीत बांबूचीच कंपन पावणारी पातळ जिभली असते. सर्व सांधे मधमाश्यांच्या मेणाने बंद करतात. नळ्यांच्या पुढे ताडाच्या पात्या गुंडाळून केलेला रुंद कर्णा जोडतात. त्यामुळे आवाज मोठा व घुमारेदार होतो. वादक नाकाने श्वास घेत असतानाच गालांतील हवा पुढे ढकलतो, म्हणून सूर खंडित होत नाही. भात पिकल्यापासून नाच सुरू होतात आणि वादकाभोवती नर्तकांची साखळी सर्पिल आकारात फिरते. घांगळी हे दोन भोपळ्यांचे तंतुवाद्य भगत कणसरीच्या पूजेच्या वेळी वाजवितात. कोकणांची पावरी ही तारप्याशी साम्य असलेली आहे. काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी बसवून व तिच्यावरून बोटे ओढून गंभीर नाद काढण्याची पद्धतही कोकणा व इतर जमातींत आढळते.

विनिमय व बाजार : शहापूर व मुरबाड येथील आठवडे बाजार आणि मुरबाड तालुक्यातील म्हसे येथील पौष पौर्णिमेची यात्रा ही देवघेवीची जुनी केंद्रे होत. म्हशाची यात्रा जनावरांच्या बाजाराबरोबरच घोंगड्या व शेतीची अवजारे यांसाठी प्रसिद्ध आहे. ठाण्यापर्यंतची रेल्वे १८५३ मध्ये व कल्याणपर्यंतची १८५४ मध्ये सुरू झाली. पुढे ती कसाऱ्याकडे व कर्जतकडे वाढली. लाकूड, कोळसा व गवत यांचा ओघ यामुळे शहराकडे वळला. कसारा व कर्जत मार्गांवरील गाड्यांनी येणाऱ्या आदिवासी स्त्रिया कल्याण, डोंबिवली व ठाणे येथील बाजारांत रानभाज्या, पाने व क्वचित सुपे-टोपल्या विकतात. टोपलीची किंमत ठरविताना बांबू शोधणे, तोडणे, वाहून आणणे व चिरणे यांचा वेळ धरला जात नाही. त्यामुळे अशी विक्री मजुरीच्या तुलनेत बहुधा तोट्याची ठरते आणि तरुण पिढी जवळच्या औद्योगिक वसाहतींतील व बांधकामांवरील रोजगाराकडे वळते.

कायदेविषयक परिस्थिती : कच्च्या मालाची उपलब्धता हा या हस्तकलांचा कळीचा प्रश्न आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षांत केलेली असल्याने त्याची तोड व वाहतूक यांस परवान्याची आवश्यकता असे. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ अन्वये बांबूचा समावेश गौण वनोपजात होऊन, ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क ग्रामसभा व वननिवासी यांस मिळाला. २०१७ मध्ये वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. पंचायतींविषयक तरतुदी अनुसूचित क्षेत्रांस लागू करणारा १९९६ चा अधिनियमही या संदर्भात महत्त्वाचा आहे. तथापि हक्क मान्य होणे आणि बांबूचे बेट प्रत्यक्षात हाताशी असणे, या भिन्न गोष्टी आहेत. तानसा, भातसा, वैतरणा यांसारख्या मुंबईस पाणी पुरविणाऱ्या जलाशयांखाली, तसेच वाढती शहरे, महामार्ग व औद्योगिक क्षेत्रे यांखाली पुष्कळ जमीन गेली आहे.

वारली चित्रकलेस २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या अधिनियमान्वये मिळणारी ही नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. तिच्यामुळे ‘वारली’ या नावाने माल विकण्याचा अधिकार नोंदणीकृत वापरकर्त्यांपुरता मर्यादित होतो. परंतु वर्तुळ-त्रिकोणांची शैली दुसऱ्या नावाने कपड्यांवर, चिनी मातीच्या भांड्यांवर वा इमारतींच्या भिंतींवर छापली गेल्यास तिला या संरक्षणाचा फारसा उपयोग होत नाही. उपनगरी रेल्वेच्या काही स्थानकांच्या भिंतींवर आज वारली आकृत्या दिसतात. त्याच वेळी घरकुल योजनांतील विटा-सिमेंटच्या घरांमुळे कारवीची भिंत पाड्यांवरून नाहीशी होत आहे.

जतन व संवर्धन : पुणे येथील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात राज्यातील जमातींच्या वस्तूंचा संग्रह आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ १९७२ मध्ये व आदिवासींच्या मालास बाजारपेठ मिळवून देणारा ट्रायफेड हा राष्ट्रीय सहकारी महासंघ १९८७ मध्ये स्थापन झाला. प्रदर्शने व प्रशिक्षणवर्ग यांमुळे चित्रकारांना व काही प्रमाणात मुखवटे करणाऱ्यांना उत्पन्नाचे साधन मिळाले. बांबूचे दिवे, पेट्या व आकाशकंदील यांसारख्या शहरी मागणीच्या वस्तूही काही गावांतून तयार होऊ लागल्या आहेत. या प्रयत्नांचा लाभ ज्या वस्तू शोभेच्या म्हणून विकल्या जाऊ शकतात, त्यांना झाला. इरले, मासे पकडण्याचा सापळा, कणगी यांसारख्या निव्वळ उपयोगाच्या वस्तूंना तो झालेला नाही. वस्तुतः या प्रदेशातील हस्तकौशल्याचा सर्वांत सूक्ष्म विचार अशाच वस्तूंत प्रकट झालेला आहे. संग्रहालयात ठेवलेली वस्तू तिचा आकार टिकविते; परंतु बांबू कोणत्या महिन्यात तोडावा, कामटी किती पातळ करावी व पान कोणत्या बाजूने रचावे, हे ज्ञान केवळ करणाऱ्याच्या हातातून दुसऱ्या हातात जाते. बांबूची बेटे ग्रामसभांच्या ताब्यात राखणे, कारागिराच्या वेळेचे मोल किंमतीत धरणे आणि आश्रमशाळांतील मुलांना हे काम गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांकडूनच शिकविणे, या तिन्ही गोष्टी एकत्र झाल्यासच ही परंपरा पुढील पिढीच्या हाती जाऊ शकेल.